खोट्या लाकडाची गाडी

ऑक्टोबर लागला की नाशिकला सगळे उकाड्याने हैराण होतात आणि मी मात्र उगीचच उठून पंखा बंद करते. ही सवय दुसऱ्या देशातली. कुवेतला ऑक्टोबरच्या मध्याला कधीतरी असा एक दिवस उजाडायचा, की सकाळी खिडकीच्या काचेला हात लावला तर ती गार लागायची. एप्रिलपासून अखंड घरघरणारा एसी त्या दिवशी बंद व्हायचा. घरात एकदम एवढी शांतता पसरायची, की आपलं काहीतरी हरवलंय असं वाटून मी सगळ्या खोल्यांतून एक चक्कर मारून यायची. मग खिडक्या उघडायच्या, चौकटीत साचलेली सहा महिन्यांची बारीक पिवळी धूळ ओल्या फडक्याने पुसायची. खालून समुद्राचा, तळलेल्या माशांचा आणि पेट्रोलचा असा मिळून एक वास वर यायचा. तो वास म्हणजे माझा ऑक्टोबर. नाशिकला तो कुठून येणार? तरी मी पंखा बंद करून थोडा वेळ बसते.

यंदा त्याच दिवसांत माझ्या मुलीचा, केतकीचा, पुण्याहून फोनवर निरोप आला. ती इंटिरियर डिझाइनचं काम करते. कुणा हॉटेलवाल्याला जुन्या जमान्यासारखी सजावट हवी आहे म्हणे. तिने चार-पाच चित्रं पाठवली होती. लांबलचक अमेरिकन स्टेशन वॅगन गाड्या, दोन्ही बाजूंना लाकडाच्या फळ्या ठोकल्यासारख्या. खाली लिहिलं होतं, "आई, लुक! आपली गाडी! धिस इज सो इन राइट नाऊ. आपल्याकडे तिचा फोटो आहे का? आणि कलर नक्की कोणता होता?"

मी कपाटातले अल्बम काढले. आमची पूर्ण गाडी एकाही फोटोत नाही. एकात माझ्या साडीच्या पदरामागे तिचा मागचा दिवा आहे, एकात केतकी टपावर बसलेली आहे आणि गाडी कमरेत कापली गेली आहे. रंगाचं म्हणाल तर मी बदामी म्हणते, माझे यजमान अविनाश तपकिरी म्हणतात आणि केतकीच्या मते ती चक्क मरून रंगाची होती. सात वर्षं आम्ही तिघं त्या गाडीत बसलो. गाडीचा रंग विसरता येतो, हे मला खरंच वाटत नाही. पण विसरलोय खरे.

आणि गाडीचं पुढे काय झालं, हे मी लेकीला कधी नीट सांगितलेलं नाही. नीट म्हणजे कसं, तेच मला अजून उमगलेलं नाही.

आम्ही कुवेतला गेलो ते आखाती युद्ध संपून तीन वर्षं झाल्यावर. अविनाश एका पेट्रोकेमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनीयर, मी एका सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन. बनेद अल-गारमध्ये चौथ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. जुना, भाड्याबरोबरच सामानही मिळालेला. त्या घरात खोटं लाकूड किती होतं! खिडकीतल्या एसीच्या तोंडावर लाकडाचा छाप, टीव्हीच्या खोक्यावर लाकडाचा छाप, भिंतीवरच्या घड्याळाला, टेलिफोनच्या टेबलाला, न्हाणीघरातल्या आरशाच्या चौकटीलासुद्धा. सगळं प्लॅस्टिक नाहीतर पत्रा, आणि वर सागवानाची नक्षी. त्या काळी त्याला कुणी खोटं म्हणत नसे. तेच चांगलं दिसणं होतं.

अविनाशचे वडील पंचवटीत सुतारकाम करायचे. रंध्याखालून निघणाऱ्या गुंडाळ्या गोळा करत हे लहानाचे मोठे झाले. त्यामुळे लाकूड दिसलं की आधी बोटाच्या पेराने टकटक करून बघायची त्यांना खोड. नव्या घरात पहिल्या दिवशी त्यांनी सगळं टकटक करून पाहिलं आणि म्हणाले, "या घरात एक खुंटीसुद्धा लाकडाची नाही गं."

तरी त्यांनी गाडी घेतली ती तसलीच.

शुवैखमध्ये गॅरेजांच्या रांगाच्या रांगा आहेत. तिथे अब्बास नावाचा एक वयस्कर इराणी मेकॅनिक होता. शहाण्णव साली, असाच एसी बंद झालेला आठवडा होता, आम्ही साधीशी, लहान जपानी गाडी बघायला गेलो होतो. अब्बासच्या गॅरेजच्या मागच्या अंगाला ती वॅगन उभी होती. इतकी लांब, की दोन गाड्या एकमेकींना चिकटल्यात असं मला वाटलं. तीन रांगा सीटच्या, शेवटच्या रांगेचं तोंड मागे. आणि दोन्ही बाजूंना दारांवरून शेवटपर्यंत गेलेल्या त्या लाकडी पट्ट्या, भोवती फिकट रंगाची चौकट.

अविनाशनी टकटक केलं. "लाकूड नाही," ते म्हणाले.

"लाकूड नाही, लाकडाचं चित्र आहे," अब्बास हिंदीत म्हणाला आणि हसला. "पण आतला लोखंडी सांगाडा खरा आहे."

मी म्हटलं, "अहो, आपण तिघं माणसं. एवढी मोठी बस काय करायची?"

ते पलीकडच्या बाजूला गेले आणि तिथेही टकटक केलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

ती गाडी आमची झाली आणि आम्ही तिघांचे दहा झालो. शुक्रवारी सुट्टी. ओळखीतली दोन-तीन मराठी कुटुंबं, त्यांची पोरं, पोह्यांचा डबा, चटया, असं सगळं त्या गाडीत कोंबून आम्ही समुद्राकाठच्या रस्त्याने निघायचो. मागच्या रांगेतली मुलं उलट्या तोंडाने बसलेली. आम्हाला पुढे येणारी गोष्ट दिसायची, त्यांना गेलेली. कुणी मागून हॉर्न दिला की ती सगळी मिळून त्याला टाटा करायची. सिग्नलला थांबलेले कुवेती म्हातारे आमच्याकडे बघून हसायचे, कधी अंगठा दाखवायचे. ही त्यांच्या तरुणपणातली गाडी असणार, आणि आत मात्र कुंकू लावलेल्या बायका. त्यांना त्यात काय वाटत असेल, याचा मी त्या वेळी विचार केला नाही.

उन्हाने त्या लाकडाच्या चित्राचे कोपरे सुटायचे. अविनाश माझा केस वाळवायचा ड्रायर घेऊन खाली जायचे, गरम हवेने तो कागद मऊ करायचे आणि अंगठ्याने दाबून दाबून पुन्हा बसवायचे. डाव्या बाजूला, मागच्या दारापाशी, चांगला वीतभर पट्टा आम्ही घ्यायच्या आधीपासूनच सोललेला होता. तिथे त्यांनी दुसरा तुकडा आणून लावला. रंग जुळला, रेषा जुळल्या नाहीत. त्यांना ते सतत खुपायचं. मी म्हणायची, "खोट्याच लाकडाच्या रेषा, कोण बघतंय?" ते म्हणायचे, "सुताराच्या मुलाला दिसतं."

केतकी दहा-अकराची होईपर्यंत त्या गाडीवर तिचा जीव होता. पुढे एकदम फिरला. शाळेबाहेर आम्ही दिसलो की ती दप्तर छातीशी धरून खाली मान घालून यायची. "बाबा, प्लीज, गेटसमोर नको ना. एव्हरीवन लाफ्स." मग आम्ही कोपऱ्यापलीकडे थांबायला लागलो. आज तीच मुलगी त्या गाडीच्या चित्रावरून हॉटेलची भिंत सजवते आहे. मला याचा राग यावा की आनंद व्हावा, हे ठरवता येत नाही.

दोन हजार तीनचं साल सगळंच विचित्र होतं. मार्चमध्ये शेजारच्या इराकमध्ये पुन्हा युद्ध सुरू झालं. सायरन वाजायचे, खिडक्यांच्या काचांना चिकटपट्ट्या लावल्या, शाळा बंद. अविनाशनी मला आणि केतकीला दोन महिने नाशिकला पाठवलं. आम्ही परत आलो तेव्हा पलीकडची राजवट पडली होती आणि त्या वाळवंटात खड्डे सापडायला लागले होते. नव्वद साली इराकी सैन्याने कुवेत घेतलं, तेव्हा धरून नेलेली माणसं, जी तेरा वर्षं बेपत्ता होती, ती आता सापडत होती. जिवंत नाही. दवाखान्यात माझ्याबरोबर काम करणाऱ्या कुवेती मुली सकाळी पेपर उघडायच्या आणि आधी नावं वाचायच्या. कुणीच मोठ्याने बोलत नसे.

अशात ऑक्टोबर आला. एसी बंद झाला. मी खिडक्या पुसत होते, तेव्हा खाली आमच्या गाडीशी एक माणूस उभा दिसला. तिकडचा पांढरा पायघोळ दिशदाशा घातलेला, पंचविशीचा. तो गाडीच्या डाव्या बाजूला, त्या जोडलेल्या तुकड्यावर हात ठेवून उभा होता. मला वाटलं, धक्का मारला असेल. अविनाश खाली गेले. बराच वेळ वर आले नाहीत, म्हणून मीही गेले.

तो अविनाशशी इंग्रजीत बोलत होता आणि बोलता बोलता त्याचं इंग्रजी संपत होतं. मी आल्यावर तो अरबीवर आला. माझं अरबी म्हणजे रक्त काढतानाचं. हात दे, मूठ आवळ, भिऊ नकोस, झालं. पण नऊ वर्षांत कानाने बरंच उचललं होतं; कळेल तसं मी अविनाशना मराठीत सांगत गेले.

त्याचं नाव बदर. राहायला अर्दियात. म्हणाला, "ही माझ्या वडिलांची गाडी आहे."

सैन्य शहरात असताना एका सकाळी त्याचे वडील शेजारच्या आजारी माणसासाठी औषध आणायला म्हणून ही गाडी घेऊन बाहेर पडले. ते आले नाहीत, गाडीही आली नाही. तेव्हा बदर बारा वर्षांचा होता.

"ही तीच कशावरून?" अविनाशनी विचारलं. आवाज सौम्य होता, पण मला त्यांची पाठ ताठ झालेली दिसली.

बदरने त्या तुकड्यावर बोट ठेवलं. "इथलं लाकूड मी सोललं होतं. मागच्या सीटवर बसून, खिडकीतून हात बाहेर काढून, रोज थोडं थोडं. बाबा रागावले होते. एवढंच," असं म्हणून त्याने वीत दाखवली.

अविनाशनी माझ्याकडे पाहिलं.  वीत बरोबर होती.

मग तो घाईघाईने म्हणाला, "मी भांडायला आलो नाही. तुमच्याकडे दफ्तर आहे, गाडी तुमची आहे." गाडीच्या कागदांना तिथे दफ्तर म्हणतात. "आमचे कागद घराबरोबर जळाले. मला फक्त... गेल्या महिन्यात सरकारी लोकांनी आमचं रक्त नेलंय. माझं आणि माझ्या आत्याचं."

अविनाशना ते कळलं नाही. मला कळलं. कुणाची हाडं कुणाची, हे जुळवायला नातेवाइकांचं रक्त लागतं. त्याचा अहवाल यायला किती दिवस लागतात आणि ते दिवस कसे जातात, याची मला थोडीफार कल्पना होती.

दुसऱ्या दिवशी अविनाश कामावरून परस्पर शुवैखला गेले. अब्बास अजून होता. त्याने सांगितलं ते असं: युद्धानंतर अशा गाड्या रस्त्याकडेला, वाळूत, कुठेही पडलेल्या असायच्या. कुणी चाकं नेलेली, कुणी इंजिन. तो त्या आणायचा. कधी दोन मोडक्या गाड्यांची मिळून एक चालणारी गाडी व्हायची. दार हिचं, बॉनेट तिचं. ही कशी झाली होती, ते त्याला आठवत नव्हतं. आणि तो पट्टा? "सर, त्या जागी सगळ्याच सुटतात. उन्हाची बाजू ना ती."

अविनाशनी घरी येऊन मला हे सगळं सांगितलं आणि वर म्हणाले, "म्हणजे असेलही आणि नसेलही. किंवा अर्धी असेल. अर्धी गाडी कशी परत करतात?"

ते चार दिवस मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं असं पाहिलं. जेवताना मध्येच थांबायचे. खाली जाऊन गाडीत नुसते बसून यायचे. एकदा म्हणाले, "सात वर्षं मी तिला घासून-पुसून ठेवली. त्याने तर ती सोलली." मग स्वतःच्याच बोलण्याची लाज वाटून गप्प झाले. केतकी सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "बाबा, जस्ट गिव्ह इट. इट्स अ जंक कार एनीवे." आणि तिच्या खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं.

शेवटी त्यांनीच बदरला फोन केला. "तुमच्या आईला दाखवू. त्या काय म्हणतील ते खरं."

शुक्रवारी दुपारी आम्ही गाडी घेऊन अर्दियाला गेलो. केतकी आली नाही. बदरचं घर बसकं, दारात बोरीचं झाड, अंगणात कापडी छत. अविनाशना त्याने बाहेरच्या बैठकीत बसवलं, चहा-खजूर ठेवले. त्याची आई आतून आली ती भिंत धरत. काळी अबाया, गुडघे गेलेले, हातावर मेंदीचे जुने डाग. मी त्यांना खाला म्हटलं, तिथे मावशीच्या वयाच्या बाईला तसंच म्हणतात. इतक्यात मशिदीतून अजान झाली. बदर म्हणाला, "मी नमाज पढून येतो. तोवर युम्माला गाडी दाखवा." युम्मा म्हणजे आई. आणि तो गेला. मला वाटतं, तिच्यासमोर थांबणं त्याच्याच्याने होईना.

मी त्यांना पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या शेजारी, बसवलं आणि स्वतः चाकामागे बसले. दारं लावली. आतला वास सांगते: तापलेलं रेक्झिन, जुनी उदबत्ती, आणि आमच्या सगळ्या शुक्रवारांचे पोहे. त्यांना त्यातलं काय परकं लागलं असेल कुणास ठाऊक. त्यांनी समोरच्या लाकडी छापावर हात फिरवला. काच खाली करायचं हँडल चाचपलं, अर्धं फिरवलं, सोडलं. दारावर आतून कोपर टेकवून पाहिलं, जशी माणसं सवयीच्या जागी टेकवतात. कोपर जरा वर राहिलं, किंवा मला तसं वाटलं.

मग त्या समोरच्या काचेतून भिंतीकडे बघत हलकेच म्हणाल्या, "मू सय्यारतना."

मू म्हणजे नाही. सय्यारतना म्हणजे आमची गाडी. ही आमची गाडी नाही.

मी त्यांच्याकडे वळले. त्यांनी माझं मनगट धरलं. रोज पन्नास माणसांची मनगटं मी धरायची, पण माझं असं कुणी धरलं नव्हतं. काही बोलावं तर शब्द हाताशी नाहीत. हात दे, मूठ आवळ, भिऊ नकोस, यातलं काय म्हणणार?

बदर परत आला. खिडकीशी वाकला. तेरा वर्षांपूर्वीच्या पोराचा चेहरा करून त्याने विचारलं, "युम्मा?"

"ई," त्या म्हणाल्या. हो. "तुझ्या बाबांचीच आहे."

तो तिथेच खाली बसला, गाडीच्या दाराला टेकून, पांढऱ्या कपड्यांनिशी जमिनीवर. अविनाश बैठकीच्या दारातून बघत होते. त्यांना अरबी येत नाही, पण ते दृश्य समजायला अरबी लागत नव्हतं. ते आले आणि त्यांनी किल्ली बदरच्या हातात ठेवली. त्याने पैशांचं काढलं, तर यांनी हात जोडले. मी एवढंच करू शकत होते, की "अहो, जरा इकडे या," म्हणावं. मी म्हटलं नाही. खालांनी माझं मनगट तोवर सोडलं होतं, तरीही नाही.

बदरने आम्हाला त्याच्या नव्या गाडीतून घरी सोडलं. वाटेत अविनाश एकदाच बोलले. "बरं झालं. सुटलो." त्यांचा चेहरा मोकळा झालेला होता. घरी केतकीने विचारलं, "दिली?" आणि हो म्हटल्याबरोबर, ज्या गाडीला ती जंक म्हणत होती तिच्यासाठी, ती हमसून हमसून रडली. मी तिला जवळ घेतलं. अविनाश तिला समजावत होते, "अगं, त्यांचीच होती ती. त्याच्या आईने ओळखली." मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

त्या हिवाळ्यात बदरचा फोन आला. अहवाल जुळला होता. अविनाश सांत्वनाला जाऊन आले. मी ड्यूटीचं कारण सांगून गेले नाही.

आम्ही लहान जपानी गाडी घेतली. ती कुठेही मावायची. तिच्यातली एकही शुक्रवारची सहल मला आठवत नाही.

पुढची चार वर्षं मी ते वाक्य मनात घेऊन हिंडले. अविनाशना सांगावं असं कितीदा वाटलं. पण काय म्हणून सांगू? तुम्ही आयुष्यात एवढी मोठी गोष्ट केलीत, ती चुकीच्या माणसासाठी? आणि दुसऱ्या क्षणी वाटायचं, चुकीच्या कसं? गाडी नसेल त्याची, पण गरज तर त्याचीच होती. आणि तिसऱ्या क्षणी वाटायचं, हे ठरवणारी मी कोण? गाडी अविनाशची, सोललेलं लाकूड अविनाशनी बसवलेलं. माझ्या डोळ्यांदेखत त्यांना फसू दिलं मी.

सातच्या सुमाराची गोष्ट असेल, म्हणजे दोन हजार सात. लॅबमध्ये दुपारी काम नव्हतं. नूरा नावाची माझ्याबरोबरची कुवेती मुलगी आणि मी चहा पीत होतो. मी तिला नाव-गाव न सांगता हे सगळं सांगितलं. कुणाला तरी सांगायचंच होतं. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "त्या कशा म्हणाल्या?"

"म्हणजे?"

"सूर कसा होता? 'मू सय्यारतना' असं खाली उतरवलं, की 'मू सय्यारतना?' असं वर नेलं? आमच्यात तसंही विचारतात. ही आमचीच नाही का, अशा अर्थाने. माझी आजी तर स्वतःशीच बोलताना असं विचारते."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. ही आमची नाही. ही आमचीच, नाही? मराठीतसुद्धा किती थोडा फरक आहे! मी डोळे मिटून आठवायला गेले. खालांचा आवाज ऐकू आला, पण सूर काही केल्या ऐकू येईना. चार वर्षं मीच ते वाक्य मनात इतक्या वेळा म्हटलं होतं, की आता त्याला माझाच सूर लागला होता.

आठ साली आम्ही कायमचं परतायचं ठरवलं. सामान बांधणं चालू होतं, आणि एके दिवशी मी रजा टाकली, टॅक्सी केली आणि अर्दियाला गेले. अविनाशना सांगितलं नाही. घर सापडलं. वॅगन अंगणात छताखाली उभी होती, धुतलेली. डावीकडचा तुकडा तसाच होता. रेषा जुळवायच्या भानगडीत कुणी पडलं नव्हतं.

खाला आता खाटेवर असायच्या. त्यांनी मला ओळखलं. आधी जेवायला लावलं. मासा आणि भात, सोबत लिंबू. मी जेवले, हात धुतले, आणि जेवढं अरबी जमवून नेलं होतं तेवढ्यात विचारलं, "खाला, त्या दिवशी गाडीत तुम्ही काय म्हणालात? ती तुमची होती की नव्हती?"

त्या मग सावकाश, मला कळावं म्हणून एकेक शब्द सोडून, म्हणाल्या, "बारा वर्षांचा होता तेव्हापासून बदर ताट घेऊन एकटा बसायचा. माझ्यासमोर जेवायचा नाही. त्या शुक्रवारी संध्याकाळी तो माझ्यासमोर जेवायला बसला. अजून बसतो. आणखी काय विचारायचंय तुला?"

 त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. येताना टॅक्सीत मला रडू येत होतं, पण ते कशाचं, ते सांगता येणार नाही. उत्तर मिळालं म्हणून की मिळालं नाही म्हणून?

घरी अविनाश खोक्यांवर नावं लिहीत बसले होते. केतकी तेव्हा पुढच्या शिक्षणासाठी आधीच पुण्याला गेलेली. मी चप्पल काढली, त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. मू सय्यारतना. मनगट. ई. नूरा. मासा आणि भात. सांगताना मी चिकटपट्टीची गुंडाळी हातात फिरवत होते, तेवढंच आठवतं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. रागावले. मोठ्याने नाही. "पाच वर्षं?" एवढंच म्हणाले. "पाच वर्षं तू मला सांगितलं नाहीस?"

"नाही सांगितलं."

"आणि मी तिथे बैठकीत बसून खजूर खात होतो."

 ते उठून खिडकीशी गेले. बाहेर गाड्यांचा आवाज येत होता. मला वाटलं, आता दोन दिवस बोलणार नाहीत. पण ते परत आले, माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "म्हणून दाखव."

"काय?"

"खाला म्हणाल्या तसं. दोन्ही प्रकारे."

मी म्हणून दाखवलं. एकदा खाली उतरवून. एकदा वर नेऊन. त्यांनी डोळे मिटले होते. कंपनीत यंत्रं तपासताना असेच ऐकत असतील. "पुन्हा," ते म्हणाले. मी पुन्हा म्हटलं. मग पुन्हा. रिकाम्या घरात माझा आवाज घुमत होता. पाचव्या-सहाव्या वेळेला तर मला त्या शब्दांचा अर्थसुद्धा लागेनासा झाला.

अविनाशनी डोळे उघडले. "दुसरा," ते म्हणाले. "दुसरा बरोबर वाटतो."

गाडीत मी होते, ते नव्हते. अरबी मला येतं, त्यांना नाही. तरी मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "हो. तसंच म्हणाल्या असतील."